जनरेटर आला, जोडणार कोण? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घराचं प्रकरण

या प्रकरणातला जनरेटर सेकंडहँड आहे. धंदा आवरणाऱ्या एका मंडप डेकोरेशनवाल्याने 42 हजारांना विकलेला, डिझेलचा, सिंगल फेज, 5 केव्हीए, हँडल मारून सुरू होणारा. मशीनबद्दल एवढं पुरे. ते एका दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घरी आलं. पुढचा सगळा घोळ झाला तो मशीनपासून घराच्या मेन बोर्डापर्यंतच्या 25 मीटरांत. हे 25 मीटर जोडण्यासाठी तीन मिस्त्री येऊन गेले. एकाने दीड हजार सांगितले, दुसऱ्याने नऊ, तिसऱ्यांनी एकतीस. भाव ऐकले तर तिसरे लुटारू वाटतात. तिघांनी कोणते प्रश्न विचारले ते ऐकलं की चित्र पालटतं, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे.

घर माझ्या मावशीचं. पांढरकवड्याजवळ हैदराबाद रोड सोडून आत वळलं की कापूस, तूर आणि मधूनमधून सागाचं जंगल लागतं, त्या पट्ट्यातलं गाव. मावसभाऊ, म्हणजे दादा, शेती पाहतो. वहिनी अंगणवाडी सेविका आहेत. मावशी पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. आयुष्य चुलीपुढे गेलं, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आणि तुराट्यांच्या धुरात, आणि आता फुफ्फुसं साथ देत नाहीत. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन, लावायला सांगितलं: मिनिटाला 2 लिटर, दिवसाचे किमान 15 तास.

हे मशीन विजेवर चालतं, आणि गरज इथूनच सुरू होते.

इन्व्हर्टर का पुरला नाही

घरात इन्व्हर्टर आधीपासून होता, 150 एएचच्या एका बॅटरीवर. दादाचा समज असा की लाइन गेली तरी रात्रभर पंखे चालतात, तर हे एवढंसं मशीनही चालेल. पण एलईडी बल्ब 9 वॉट खातो, पंखा 75, आणि मिनिटाला 5 लिटरपर्यंत देऊ शकणारा कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशेच्या आसपास, तेही सतत. 12 व्होल्टची 150 एएच बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते. इन्व्हर्टरमधला तोटा, बॅटरी पूर्ण पिळून न काढण्याची मर्यादा आणि तिचं वय धरलं तर हाती हजार-बाराशे लागतात. म्हणजे एकटा कॉन्सन्ट्रेटर तीन-साडेतीन तास, आणि पंखा लावला तर त्याहून कमी.

जवळ ऑक्सिजनचं बी टाईप सिलिंडर होतं. त्यात साधारण दीड हजार लिटर वायू असतो, मिनिटाला 2 लिटरने साडेबारा तास जातो. पण ते भरून आणायला तालुक्याला जावं लागतं, आणि ज्या दिवशी लाइन जाते त्या दिवशी बहुतेक वेळा रस्त्यावर झाडही पडलेलं असतं.

लाइन जाण्याचं इथलं वेळापत्रक ठरलेलं आहे. मेच्या शेवटी आणि जूनमध्ये वादळ येतं, सागाची फांदी 11 केव्हीच्या तारेवर पडते, झंपर (तारा जोडणारा तुकडा) उडतो, नाहीतर डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मरच, जळते. फांदी असेल तर काही तासांत काम होतं. डीपी बदलायची तर दोन-तीन दिवसांची मानसिक तयारी ठेवायची.

मोठा इन्व्हर्टर आणि चार बॅटऱ्या असाही पर्याय होता. पण लाइनच दोन दिवस नसली तर त्या भरणार कशा? सोलरचं बोलणं निघालं आणि खर्चावर थांबलं. पेट्रोलचा छोटा जनरेटर हलका आणि आवाजाला बरा, पण ट्रॅक्टरमुळे घरात डिझेल असतंच. पेट्रोल साठवणं वेगळी कटकट, आणि परवान्याशिवाय 30 लिटरच्या वर ठेवताही येत नाही. डिझेलवर एकमत झालं आणि मंडपवाल्याचं मशीन आलं.

पहिला

पहिला मिस्त्री गावातलाच. बोर्ड, पंखे, मोटारीचे स्टार्टर, सगळं तोच करतो, आणि हात चांगला आहे. त्याने मशीन पाहिलं, खूश झाला, आणि म्हणाला, "काही टेन्शन नाई दादा. दोन्हीकडून टॉप लावलेली वायर बनवून देतो. एक टोक जनरेटरच्या सॉकेटात, दुसरं घरातल्या पावर प्लगात. अख्खं घर चालू."

"आन मेन?"

"मेन पाडाचा. ध्यानात ठेवाचं बस."

ही दोन टॉपांची, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग असलेली, वायर विदर्भातच काय, गावोगाव सापडते. तिच्यात दोन धोके आहेत. एक उघड दिसतो: एक टॉप सॉकेटात असताना दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना उघड्यावर 230 व्होल्ट घेऊन बसलेल्या असतात. घरात नातवंडं असतील तर पुढचं सांगायला नको.

दुसरा दिसत नाही. मेन पाडायचा राहिला की जनरेटरचा करंट सर्व्हिस वायरमधून खांबावर जातो, खांबावरून डीपीत. डीपीला सुलटं-उलटं कळत नाही. वरून 11 हजार आले तर ती खाली घरगुती व्होल्टेज देते, आणि खालून 230 व्होल्ट चढले तर वर हजारोंनी देते. लाइन बंद करून तारेवर काम करणाऱ्या जनमित्राच्या, म्हणजे महावितरणच्या लाइनमनच्या, हातात ती तार असते.

गावातला पहिला मिस्त्री यावर म्हणाला की असं काही होत नाही, जनरेटर लगेच बसतो. त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं असल्यामुळेच लोक त्यावर विसंबतात. मेन राहिला तर शेजारपाजारच्या पन्नास घरांचा लोड एका 5 केव्हीएच्या मशीनवर येतो आणि ते गुदमरून बंद पडतं. दहा वेळा असं झालं की वाटतं यात धोका नाही. पण वादळात तार आपल्या घराजवळच तुटलेली असेल, किंवा डीपीवरचे फ्यूज काढून ठेवलेले असतील, तर पलीकडे लोडच उरत नाही. मग मशीन मजेत चालत राहतं आणि तुटकी तार जिवंत राहते. तार दुरुस्त करायला माणूस येतो तो नेमका अशाच वेळी.

उलटही होतं. जनरेटर चालू, मेन चालू, आणि अचानक लाइन आली. दोन विजा एकमेकींवर आदळतात आणि त्यात महावितरणचं काही जात नाही, जनरेटरचा अल्टरनेटर (वीज बनवणारा भाग) आपला जातो.

दादाने पहिल्याला नाही म्हटलं, पण या कारणासाठी नाही. वहिनींना उघड्या पिना नको होत्या.

दुसरा, आणि सारखा पडणारा आरसीसीबी

दुसरा तालुक्याच्या गावातला, दुकानवाला. आल्या आल्या म्हणाला, "चेंजओव्हर लावा लागते." इथेच दादाचा विश्वास बसला. चेंजओव्हर म्हणजे वर लाइन, खाली जनरेटर आणि मधे बंद अशा तीन जागांचा स्विच. दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो, त्यामुळे मेन पाडायचा विसरला हा प्रश्नच उरत नाही. नऊ हजारांत 63 अँपिअरचा चेंजओव्हर, वायर आणि मजुरी असं ठरलं. वहिनींनी आणखी एक मागितलं. उन्हाळ्यात कूलरला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. तोही बसवायचं ठरलं. विदर्भात दर उन्हाळ्यात ओल्या हाताने कूलर धरून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यामुळे ही मागणी नुसत्या भीतीपोटी नव्हती.

काम अर्ध्या दिवसात झालं. लाइनवर आरसीसीबी चालू केला, कूलर लावला, आरसीसीबी पडला. पुन्हा चढवला, फ्रिज लागला, पुन्हा पडला. जनरेटर सुरू करून पाहिलं, तेच.

मिस्त्रीने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "हा पीसच खराब दिसते. मी डायरेक्ट करून देतो, बादमध्ये बदलून देईन."

वहिनी मधे पडल्या. "कूलर करंट मारते म्हणूनच तं बसवला ना ते? आता ते पडून राह्यलं तं काहीतरी सांगून राह्यलं असंल. त्यालेच काढून टाकता?"

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात नेमकं विद्युतशास्त्रीय निरीक्षण हेच. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करत बसलेला असतो. गेलेलं सगळं परत आलं नाही, काहीतरी दुसऱ्या वाटेने जमिनीत गेलं, की तो पडतो. तो सारखा पडतो म्हणजे घरात अशी दुसरी वाट आहे. दुसऱ्या मिस्त्रीने ती शोधली नाही. त्याने आल्यापासून जनरेटर पाहिला होता, चेंजओव्हरला भिंत पाहिली होती, पण जुना बोर्ड उघडला नव्हता. आरसीसीबी तात्पुरता बंद ठेवून तो गेला आणि दादाने उरलेले पैसे अडवून धरले.

तिसरे

तिसरे मिस्त्री वयाने मोठे. आयटीआयला तारतंत्री केलेले, एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे बरीच वर्षं काम करणारे. परवाना शासनाच्या विद्युत निरीक्षक खात्याकडून मिळतो आणि जोडणी झाल्यावर टेस्ट रिपोर्टवर सही परवानाधारकाचीच लागते. नुसता कागद असल्याने माणूस हुशार ठरत नाही, हे मान्य. पण सही करणाऱ्याला पुढे उत्तर द्यावं लागतं, आणि मग तो बोर्ड उघडून पाहतो.

त्यांनी जनरेटरकडे पाहिलंच नाही. चहा घेता घेता विचारत राहिले. माय झोपते कोणत्या खोलीत? पाण्याची मोटार कोणत्या लाइनवर आहे? अर्थिंग कोणत्या साली केलं, त्यात उन्हाळ्यात पाणी टाकता का? लाइट कधी एकदम मंद, कधी एकदम जोरात होते का? शेवटच्या प्रश्नावर दादा म्हणाला, "व्हायचं जी, पाच-सहा वर्षांआधी. मंग गावातल्या मिस्त्रीनं काहीतरी केलं, तवापासून नाई होत."

"काय केलं ते पाहा लागंल," असं म्हणून त्यांनी मेन पाडला, टेस्टरने खात्री केली आणि बोर्ड उघडला.

न्यूट्रलच्या पट्टीवरून एक वायर थेट अर्थिंगच्या पट्टीवर गेलेली होती.

कारण खांबावर होतं. सर्व्हिस वायरचा न्यूट्रलचा जोड गंजून सैल झालेला. न्यूट्रल कमजोर असला की घरातलं व्होल्टेज नाचतं. गावातल्या मिस्त्रीने त्यावर सोपा उपाय केला होता: परतीचा करंट खांबावरून नीट जात नाही ना, तर जमिनीतून जाऊ दे. दिवे स्थिर झाले आणि सगळे विसरले. पण तेव्हापासून घरातला काही करंट रोज अर्थिंगच्या पाइपातून जमिनीत जात होता, आणि अर्थिंगची वायर कूलरच्या, फ्रिजच्या अंगाला जोडलेली असते. पाइपाची जमिनीशी पकड चांगली असती तरी कदाचित झिणझिण्या आल्या नसत्या. ती पकड उन्हाळ्यात जवळपास सुटत होती.

याला आपली काळी माती जबाबदार. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरते, तेव्हा अर्थिंगला तिच्यासारखी माती नाही. एप्रिल-मेमध्ये तीच आक्रसते, हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पाइपाभोवतीची माती पाइपाला सोडून मागे सरकते. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो त्याच महिन्यांत अर्थिंग निकामी. तिसऱ्यांनी अर्थ टेस्टर लावला तर साठच्या वर ओहम आले; हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं.

आता आरसीसीबीचं वागणं उलगडलं. न्यूट्रल आणि अर्थिंग त्याच्यापुढे, घराच्या बाजूला, एकत्र बांधलेले. परतीच्या करंटाला दोन वाटा मिळत होत्या, त्यातली एक त्याला टाळून जात होती. पीस अगदी चांगला होता.

दुसऱ्याच्या जोडणीत आणखी एक गोष्ट निघाली. चेंजओव्हर दोन पोलचा होता, पण त्यातून फक्त फेज नेला होता. जनरेटरचा न्यूट्रल आणि लाइनचा न्यूट्रल बाहेरच पिळून टेप मारून एक केले होते. न्यूट्रलला करंट नसतो, या समजुतीने हे बऱ्याच ठिकाणी केलं जातं. त्यामुळे दांडा कुठेही असो, मशीन खांबावरच्या न्यूट्रलला कायम बांधलेलं राहतं. खांबावरचा तो जोड सुटला आणि कोणी हातात घेतला, किंवा गावात दुसरीकडे न्यूट्रलवर बिघाड झाला, तर तो या घरापर्यंत येतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडून दोन्ही जोडायचे, तरच चेंजओव्हर बसवण्याला अर्थ.

काम कसं झालं

आधी महावितरणकडे 1912 वर तक्रार केली आणि गावच्या जनमित्राला गाठलं. खांबावरचा न्यूट्रलचा जोड त्याने नवा करून दिला. हे केल्याशिवाय तिसरे घरातली ती वायर तोडायला तयार नव्हते, आणि बरोबरच होतं. आधी वायर तोडली असती तर सैल न्यूट्रलवर फ्रिजच जळाला असता. जोड झाला, वायर तुटली, दिवे स्थिर राहिले, आरसीसीबी चढवला तो चढलेलाच राहिला. कूलरच्या झिणझिण्याही गेल्या. जनरेटर अजून जोडायचाच होता.

मग अर्थिंग. दोन नवे खड्डे घेतले, एक घराला, एक जनरेटरला. 40 मिलिमीटरचा जीआय पाइप, अडीच मीटर खोल, भोवती कोळसा आणि मीठ. घराचा खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ घेतला म्हणजे मे महिन्यातही ओल राहते. जनरेटरच्या खड्ड्यावर विटांचं छोटं कुंड आणि पाणी टाकायला नरसाळं. नंतरचं रीडिंग चारच्या आसपास आलं. दर उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायचं, हे काम मावशीने आपल्याकडे घेतलं आहे. बसून सांगते, नातू टाकतो.

जनरेटरची जागा दादाने ठरवली होती ओसरीत, कारण वर छप्पर होतं आणि मशीन चोरीला गेलं नसतं. ओसरीला लागून मावशीची खोली. तिसऱ्यांनी ऐकूनच हात जोडले. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. निरोगी माणसालाही तो झोपेत नेतो, इथे तर आधीच श्वासाचा आजार. दुसरी जागा निघाली गोठ्यामागे, पण तिथे पऱ्हाटीची गंजी, आणि पलीकडच्या खोलीत भाव येईपर्यंत ठेवलेला कापूस. सायलेन्सर तापून लाल होतो, एखादी ठिणगी उडते, तेवढी पुरे. शेवटी घराच्या पूर्वेला, दार-खिडकीपासून लांब, विटांचा फूटभर उंच ओटा आणि त्यावर तीन बाजूंनी उघडं टिनाचं छप्पर. पूर्वेला अशासाठी की पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि धूर घरापासून दूर जातो.

आवाजाला उपाय नाही. हल्ली नवा डिझेल जनरेटर बंद पेटीत येतो, 1 मीटरवर 75 डेसिबलच्या आत असावा लागतो, आणि 1 जुलै 2023 पासून धुराचे निकषही कडक झाले आहेत. मंडपवाल्याचं मशीन त्या आधीचं आणि उघडं. शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, त्यांचे मोबाइल इथे चार्ज होतील या बोलीवर.

वायर दुसऱ्याने अडीच एमएमची ओढली होती. 5 केव्हीए म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 22 अँपिअर. पूर्ण लोडवर तेवढा करंट 25 मीटर नेताना अडीच एमएमच्या तांब्यात सुमारे 10 व्होल्ट वाटेतच जातात आणि वायर तापते ती वेगळी. तिसऱ्यांनी चार एमएमची तीन कोरची आर्मर्ड केबल पाइपात घालून जमिनीखालून घेतली, अंगणात बैलगाडी फिरते म्हणून दोन फूट खोल.

मोटारीवरून दादाचं आणि त्यांचं थोडं वाजलं. घराच्या बोअरची मोटार 1 एचपीची, चालताना सात अँपिअर घेते. दादाचा हिशेब असा की मशीन 22 देतं, मग अडचण काय? अडचण सुरुवातीच्या क्षणाची. सुरू होताना मोटार पाच-सहा पट ओढते. तिसऱ्यांनी वाद घातला नाही, लावूनच दाखवलं. कॉन्सन्ट्रेटर सुरू ठेवून मोटारीचं बटण दाबलं. मशीन घुमलं, दिवे पिवळे पडले, आणि कॉन्सन्ट्रेटर कमी व्होल्टेजचा भोंगा वाजवत बंद पडला. मावशी तेव्हा सिलिंडरवर होती, ती काळजी आधीच घेतली होती. मोटार लगेच चेंजओव्हरच्या आधी, फक्त लाइनवर नेली. वरची टाकी लाइन असताना भरून ठेवायची. राहिला लोड असा: कॉन्सन्ट्रेटर 350, फ्रिज 150, कूलर 200, तीन पंखे 225, दिवे आणि टीव्ही मिळून दीडशे, इन्व्हर्टरचं चार्जिंग तीनशेच्या घरात. सगळं मिळून 1,400 वॉटच्या आतबाहेर. 5 केव्हीएचं मशीन 4 किलोवॉट धरायचं, त्यात हे आरामात बसतं.

मशीनवर रिकाम्या वेळी 258 व्होल्ट आणि 53 हर्ट्झ येत होते. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू थोडा सैल करून 52 वर आणलं, लोड पडल्यावर ते 50 च्या जवळ बसतं. इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेईना, कारण त्याचं मागचं बटण यूपीएसवर होतं. त्या सेटिंगला व्होल्टेजची चढउतार खपत नाही. साध्या मोडवर टाकलं तसं चार्जिंग सुरू झालं.

शेवटची चाचणी मला सगळ्यात आवडली. आता चेंजओव्हरमधून न्यूट्रलही तुटत असल्याने जनरेटर चालू असताना घराचा महावितरणच्या अर्थ केलेल्या न्यूट्रलशी संबंध राहत नाही. अशा वेळी जनरेटरचा न्यूट्रल मशीनजवळच अर्थिंगला जोडावा लागतो, नाहीतर गळती झाली तरी करंटाला परत येण्याची वाट नसते आणि आरसीसीबी गप्प बसतो. दादाने आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवलं, पडला. तिसरे म्हणाले, "ते बटन तं अर्थिंग नसलं तरी पडते भाऊ. ते आतल्या आत करंट फिरवते." त्यांनी होल्डरला 100 वॉटचा बल्ब लावला, एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला. बल्ब लुकलुकला न लुकलुकला तोच आरसीसीबी पडला. लाइनवर एकदा, जनरेटरवर एकदा. हे घरच्यांनी करून पाहायचं काम नाही, पण मिस्त्रीकडून करून घ्यायचं नक्की आहे.

चेंजओव्हरच्या वर, लाइनच्या बाजूला, एक लाल इंडिकेटर दिवा लावला आहे. घर जनरेटरवर असताना लाइन आली ते त्यावरून कळतं. वहिनींनी भिंतीवर कागद चिकटवला: आधी दांडा मधे, मग मशीन सुरू, दोन-तीन मिनिटं चालू द्या, मीटरवर 230 दिसलं की दांडा खाली. बंद करताना आधी दांडा मधे, मशीन पाच मिनिटं रिकामं चालवा, मग बंद. सोबत टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स. मूळ प्रत अर्जासोबत महावितरणच्या कार्यालयात दिली.

पहिलं वादळ आणि नंतर

जूनमध्ये डीपी गेली. दोन रात्री आणि मधला दिवस. मशीन चाललं, कॉन्सन्ट्रेटर चालला, शेजारी मोबाइल घेऊन आले.

डिझेल तासाला लिटरभर लागलं. एवढ्या कमी लोडवर जुनं मशीन याहून कमी खात नाही. युनिटचा हिशेब केला तर एक युनिट पासष्ट रुपयांच्या आसपास पडतं. म्हणून दादाने शक्कल काढली की दोन तास जनरेटर, तीन तास इन्व्हर्टर असं आलटून पालटून चालवू. ते जमलं नाही. 150 एएचची बॅटरी भरायला दहा तास लागतात, दोन तासांत तिच्यात जातं ते कॉन्सन्ट्रेटर तासाभरात संपवतो. आता पद्धत अशी की संध्याकाळपासून सकाळपर्यंत जनरेटर, दिवसा मावशी काही तास कॉन्सन्ट्रेटरशिवाय राहू शकते तेव्हा बंद, आणि मधली फट सिलिंडरवर. डॉक्टरांना विचारून हे वेळापत्रक केलं. महिन्यातून एकदा अर्धा तास मशीन लोडवर चालवायचं, नुसतं रिकामं नाही. कमी लोडवर चालणाऱ्या डिझेल इंजिनात काजळी साचते.

दुसऱ्या मिस्त्रीला त्याच्या चेंजओव्हरचे आणि आरसीसीबीचे पैसे दिले, दोन्ही वस्तू कामात आल्या. मजुरीवरून अजून बोलणं चालू आहे. तिसऱ्यांचे एकतीस हजार, म्हणजे मशीनच्या किमतीच्या पाऊणपट. ते दादाला अजून टोचतात.

एक गोष्ट कोणीच विचारली नाही, तिसऱ्यांनीही नाही. हँडल वहिनींना फिरत नाही. दादा शेतात असताना लाइन गेली तर मशीन सुरू कोण करणार? सेल्फ स्टार्टचं किट बसतं असं एक मेकॅनिक म्हणतो, त्यासाठी फ्लायव्हीलवर रिंग बसवावी लागेल, कापूस विकल्यावर पाहू असं ठरलंय. तोवर सिलिंडर भरलेलं ठेवायचं, आणि शेजारच्या घरातल्या दोन पोरांना हँडल कसं मारायचं आणि झटका बसायच्या आधी ते कसं सोडायचं, ते दादाने शिकवून ठेवलं आहे.